मनोरुग्ण बंदिजनांचे समदुःखी सोबती

स्पेनमधील ग्रॅनडा शहरात १५३९ च्या सुमारास एक पुस्तकविक्रेते प्रवचन ऐकून इतके व्याकूळ झाले, की लोकांनी त्यांना वेडे ठरवून इस्पितळात डांबले. साखळदंड आणि चाबूक हाच तेथील उपचार होता. बाहेर पडल्यावर त्यांनी रुग्णांसाठी स्वतः इस्पितळ उभारले. ख्रिस्तसभा त्यांना संत जॉन ऑफ गॉड म्हणून ओळखते. ८ मार्च हा त्यांचा सण.

मनोविकार आणि तुरुंग या दोन्हींतून गेलेली, उपचारांनी सावरलेली व्यक्ती प्रशिक्षण घेऊन त्याच वाटेवरील दुसऱ्यास साथ देते, तेव्हा त्या सेवेस ‘पीअर सपोर्ट’ म्हणतात. मराठीत तिला ‘समदुःखी सोबत’ म्हणता येईल. असा सोबती डॉक्टर किंवा वकील नसतो. ‘मीही येथे होतो’ हे त्याचे वाक्य मात्र डॉक्टरांना उच्चारता येत नाही.

अमेरिकेतील मायामी-डेड परगण्यात न्यायाधीश स्टीव्हन लाइफमन यांच्या पुढाकाराने २००० साली एक प्रकल्प सुरू झाला. किरकोळ गुन्ह्यात पकडलेल्या गंभीर मनोरुग्णास तुरुंगातून उपचारकेंद्रात हलवायचे आणि त्याने उपचार पत्करल्यास आरोप सौम्य करायचे वा मागे घ्यायचे, अशी ही योजना. २००८ पासून काही अधिक गंभीर गुन्ह्यांतील आरोपींनाही तिचा लाभ मिळू लागला. समदुःखी सोबती येथे पगारी कर्मचारी असतात. निवारा, औषधे, डॉक्टरांची भेट, न्यायालयाची तारीख या साऱ्यांत ते सुटलेल्या माणसाबरोबर राहतात. किरकोळ गुन्ह्यांत पुन्हा अटक होण्याचे प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आल्याचे प्रकल्पाने नोंदविले आहे. अर्थात हे श्रेय एकट्या सोबत्यांचे नव्हे.

एक विसंगती येथे नमूद करावीशी वाटते. ज्या पूर्वायुष्यामुळे सोबती या कामास पात्र ठरतो, तेच चारित्र्य-पडताळणीत आड येत असे. फ्लोरिडा राज्याने २०२२ मध्ये कायदा बदलून ही अट सैल केली.

आपल्या देशात आसामच्या मचांग लालुंग यांना १९५१ मध्ये अटक झाली. पुढे त्यांना मनोरुग्णालयात ठेवले गेले. खटला न चालताच ५४ वर्षे गेली. २००५ मध्ये ते सुटले. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ (अंमल मे २०१८ पासून) याच्या कलम १०३ नुसार तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तिमाहीस मनोरुग्ण बंद्यांविषयी मंडळास अहवाल द्यावयाचा असतो. प्रत्येक राज्यातील किमान एका तुरुंगात मनोरुग्णांसाठी उपचारव्यवस्था असणेही बंधनकारक आहे. सुटकेनंतरच्या सोबतीविषयी मात्र हे कलम काही सांगत नाही.

प्रिझन मिनिस्ट्री इंडियाचे स्वयंसेवक १९८१ पासून तुरुंगभेटी देत आले आहेत. धर्मग्रामातील एखाद्या सावरलेल्या व्यक्तीस या सेवेत घ्यावयाचे झाल्यास तिची इच्छा आधी विचारावी, तिचे स्वतःचे उपचार खंडित होऊ देऊ नयेत आणि तिच्या आजाराची वाच्यता तिच्या संमतीवाचून, वेदीवरून तर नाहीच नाही, करू नये.