सहा आठवड्यांचा अंधार

सेंट फ्रान्सिस द सेल्स हें नांव महाराष्ट्रांतील कॅथलिकांस नवें नाहीं. नागपूरचें कॅथीड्रल त्यांच्याच नांवाचें आहे. व १८८७ सालीं तेथें धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हां त्याचें काम सव्हॉयमधील आन्सीहून आलेल्या, याच संताचें नांव धारण करणाऱ्या मिशनरी संघाच्या हातीं होतें. सौम्यतेचे संत म्हणून त्यांची कीर्ति आहे, व ती यथार्थ आहे. परंतु ही सौम्यता कोणत्या दाहांतून बाहेर पडली, हें भाविकांच्या कानीं क्वचितच पडतें. ज्युबिलीच्या आनंदांत असा विषय कां, असें कोणी विचारील. देवळांत गुडघे टेंकणारे किती जण मनांत काळजीचें ओझें घेऊन येतात हें आम्ही जाणतों, म्हणून.

फ्रान्सिस यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजीं सव्हॉयमधील एका सरदार घराण्यांत झाला. विद्यार्जनासाठीं ते पॅरिस येथें येशूसंघीयांच्या क्लेरमाँ कॉलेजांत गेले. त्या काळीं तेथील विद्वानांत एका प्रश्नावर मोठा वाद माजला होता: कोणाचें तारण व्हावयाचें व कोणाचें नाहीं, हें ईश्वरानें आधींच ठरविलें आहे काय? इतर विद्यार्थ्यांस हा वादाचा विषय होता. फ्रान्सिस यांस तो आपल्याच जिवाचा प्रश्न झाला. १५८६ च्या अखेरीस, वयाच्या विसाव्या वर्षीं, आपण त्यागिलेल्यांपैकींच आहों या शंकेनें त्यांस घेरलें. अन्न रुचेना, झोंप लागेना, शरीर खंगलें. सुमारें सहा आठवडे ही अवस्था टिकली. प्रार्थना सुटली नव्हती. पण तिच्यांत गोडी उरली नव्हती.

१५८७ च्या जानेवारींत एके दिवशीं ते सें-एतिएन-दे-ग्रे या देवळांत शिरले. तेथें पवित्र मरियेची एक काळी मूर्ति होती. तिच्यापुढें गुडघे टेंकून त्यांनीं 'मेमोरारे' ही प्रार्थना म्हटली, आणि आपलें सर्वस्व ईश्वराच्या स्वाधीन केलें. परलोकीं आपलें कांहींहि होवो, निदान या जन्मीं तरी ईश्वरावर संपूर्ण प्रेम करतां यावें, एवढेंच त्यांनीं मागितलें. ते उठले तेव्हां तें दुःख गळून पडलें होतें.

या प्रसंगास केवळ चमत्कार म्हणून सोडून देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. त्या दिवशीं प्रश्नाचें उत्तर त्यांस मिळालें नव्हतें. तो प्रश्न त्यांनीं पुढें पाडुआ येथें कायद्याचें अध्ययन करीत असतां पुन्हा हातीं घेतला. पॅरिसांत सुटला तो स्वतःचा हिशेब. आपलें काय होईल, ही विचारणा त्यांनीं ईश्वरापाशीं ठेवून दिली, आणि शांति मागाहून आली.

१५९३ सालीं ते धर्मगुरु झाले व १६०२ सालीं जिनीव्हाचे बिशप. तें शहर कॅल्व्हिनपंथीयांकडे असल्यामुळें त्यांचा मुक्काम आन्सी येथेंच असे. १६०९ सालीं त्यांनीं प्रापंचिक भाविकांसाठीं भक्तिमय जीवनाच्या प्रवेशाचा सुप्रसिद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत एक प्रकरण व्याकुळतेवर आहे. पापाखेरीज आत्म्यास व्याकुळतेएवढें दुसरें अरिष्ट नाहीं, असें ते तेथें सांगतात. जाळ्यांत सांपडलेला पक्षी जितका फडफडतो तितका अधिक गुंततो; तसेंच संकटांतून सुटण्याची अधीरताहि संकट वाढविते. म्हणून प्रथम मन शांत करावें, मग उपाय शोधावा. मन खवळलें असतां, इच्छा जें करावयास लावते तें, फार निकड नसेल तर, तूर्त लांबणीवर टाकावें. आणि आपलें दुःख धर्मगुरूस किंवा एखाद्या विश्वासू मित्रास उघड करून सांगावें. तेवढ्यानेंच पुष्कळ भार उतरतो. हा उपदेश पुस्तकी नाहीं. त्या सहा आठवड्यांची किंमत देऊन तो मिळविलेला आहे, असें आमचें मत आहे.

पॅरिसचें तें देऊळ आज नाहीं. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमींत तें गेलें. मूर्ति मात्र वांचली, व ती पॅरिसलगतच्या न्यूयी येथें धर्मभगिनींच्या चॅपेलांत आहे.