अनावर खाणे आणि वजन घटविण्याची शस्त्रक्रिया

पोट लहान केले की खाणे आपोआप आटोक्यात येते, अशी समजूत लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेविषयी सर्वत्र आढळते. ती निम्मीच खरी आहे. शस्त्रक्रियेने भूक कमी होते. मात्र भूक नसतानाही ज्यांना खावेसे वाटते, त्यांचा प्रश्न केवळ पोटाचा नसतो.

अशा अनावर खाण्याला अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’ या नावाने स्वतंत्र विकार म्हणून मान्यता दिली. थोड्या वेळात भरमसाट खाणे, त्या वेळी ताबा सुटल्याची जाणीव होणे आणि मागाहून अपराधी वाटणे, असे प्रसंग तीन महिने आठवड्यातून सरासरी एकदा तरी घडत असतील, तर हे निदान केले जाते. सणासुदीला चार घास अधिक खाणारा या व्याख्येत बसत नाही.

‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’त जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकला जातो. भूक चेतविणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः याच भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात.

केवळ हा विकार आहे म्हणून शस्त्रक्रिया नाकारावी, असे आता मानले जात नाही. पहिल्या वर्षी अशा रुग्णांचे वजनही इतरांप्रमाणेच उतरल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. खरी कसोटी पुढे लागते. एका बैठकीत भरपूर खाणे अशक्य झाल्यावर तीच सवय रूप पालटते आणि दिवसभर थोडे थोडे चरत राहणे सुरू होते. आईस्क्रीम, मिल्कशेक, फरसाण यांना लहान पोट फारसे अडवीत नाही. खाण्यावरचा ताबा पुन्हा सुटू लागला, तर घटलेले वजन परत येण्याचा धोका वाढतो. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वीच्या सवयींपेक्षा नंतरच्या सवयी अधिक बोलक्या ठरतात. बायपासनंतर मद्य लवकर चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

खाऊन मुद्दाम उलटी काढण्याचा विकार, तीव्र नैराश्य किंवा व्यसन यांवर उपचार झालेले नसतील, तर शस्त्रक्रिया सहसा पुढे ढकलली जाते. नकाराच्या भीतीने काही रुग्ण मानसोपचारतज्ज्ञांपासून आपले खाणे लपवितात. त्यात नुकसान त्यांचेच होते. विचार व वर्तन यांवर आधारलेली समुपदेशन-पद्धती या विकारावर प्रभावी असून ती शस्त्रक्रियेपूर्वी व नंतरही उपयोगी पडते.

पात्रतेचे निकषही बदलले आहेत. १९९१ मध्ये अमेरिकेत बॉडी मास इंडेक्स ४०, अथवा सहव्याधी असल्यास ३५, ही मर्यादा ठरली. २०२२ मध्ये शल्यचिकित्सकांच्या दोन संघटनांनी ती सरसकट ३५ वर आणली. आशियाई लोकांसाठी २७.५ सुचविली. भारतातील विमा नियामकाच्या २०१९ च्या प्रमाण अटींत मात्र ४० व ३५ हेच आकडे आहेत. त्यामुळे वैद्यकीयदृष्ट्या पात्र ठरूनही खर्च खिशातूनच करावा लागू शकतो.

स्लीव्हमध्ये काढलेले जठर परत जोडता येत नाही. ब-१२, लोह, कॅल्शियम यांच्या पूरक गोळ्या व नियमित रक्ततपासणी यांची गरज आयुष्यभर राहते.