डिस्को जाळली, पुढे काय झालं?

नाचायचं संगीत कोणतं चांगलं, या वादात आपण ताल-ठेक्याबद्दल बोलतो. पण १२ जुलै १९७९ ची शिकागोतली संध्याकाळ बघू. रेडिओवरच्या स्टीव्ह डालने आवाहन केलेलं: डिस्कोची तबकडी आणा, ९८ सेंटमध्ये कॉमिस्की पार्कवर बेसबॉल बघा. दोन सामन्यांच्या मधे तबकड्यांची पेटी स्फोटाने उडवली, रॉकवाले मैदानात घुसले, दुसरा सामना झालाच नाही.

तिथे प्रेक्षकांना जागा दाखवायला विन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय मुलगा होता. त्याने पुढे सांगितलं, की लोकांनी आणलेल्या कितीतरी तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच. नुसत्या काळ्या कलावंतांच्या होत्या. मग वाद ठेक्याचा उरतो का? डाल वंशद्वेषाचा आरोप नाकारतो, हेही सांगायला हवं. पण डिस्को वाढली काळ्या, लॅटिनो आणि समलिंगी लोकांच्या क्लबांत, आणि आम्हाला तरी हे बाजूला ठेवता येत नाही.

त्याच शहरात ‘वेअरहाउस’ क्लबात फ्रँकी नकल्स डिस्को वाजवतच राहिला. ‘हाउस’ हे नाव त्या क्लबवरूनच आलं, असं बहुतेक मानतात. हाउसची पहिली तबकडी म्हणून १९८४ च्या ‘ऑन अँड ऑन’चं नाव घेतात. ती जेसी सॉन्डर्सची. रचनेत जोडीदार, हाच लॉरेन्स.