परदेशी किनारा आणि भाड्याची गाडी

परदेशात समुद्रकाठी सुट्टी घालवायचं ठरलं की निमोण्यासारख्या शिरूर तालुक्यातल्या गावातही हल्ली पहिला निर्णय होतो तो गाडीचा. फुकेतला जायचं असो की मॉरिशसला, विमानतळावरच भाड्याची गाडी ताब्यात घ्यायची. गाडी नसेल तर फिरणं दुसऱ्याच्या मर्जीवर जातं, असं सगळे सांगतात. हे मत मला चुकीचं वाटतं आणि त्यातली चूक नेमकी कुठे आहे ते दाखवणं मला गरजेचं वाटतं, कारण या मतापायी वर्षानुवर्षं साठवलेला पैसा आणि हाती आलेले मोजके दिवस खर्ची पडतात.

आधी पूर्वपक्ष पूर्ण ताकदीनिशी मांडू. निमोण्यात राहणाऱ्याला शिरूरचा दवाखाना गाठायचा असतो, रांजणगावच्या एमआयडीसीत रात्रपाळीला जायचं असतं, कधी दौंडला पहाटेची रेल्वे पकडायची असते. यातलं फारसं काही एसटीच्या वेळापत्रकात बसत नाही आणि वडाप भरल्याशिवाय हलत नाही. अशा मुलखात ज्याच्या दारात गाडी, तो मोकळा. कोकणात उतरल्यावरही हाच अनुभव येतो. ताम्हिणी उतरून दिवेआगर, पुढे हरिहरेश्वर, मग बागमांडल्याला गाडीसकट फेरीबोटीत चढून खाडीपलीकडे वेसवीला उतरायचं. हा प्रवास एसटीने करायचा तर दिवस संपतो. तेव्हा ‘जिथे गाडी तिथे मोकळीक’ हा नियम या माणसांनी हवेतून काढलेला नाही. तो त्यांनी जगून तपासलेला आहे.

पण तपासला कुठे, हा प्रश्न उरतो. न्यायशास्त्रात अनुमानाचा एक दोष सांगितला आहे, उपाधी. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. जिथे अग्नी तिथे धूर, हे मात्र चूक, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. अग्नीबरोबर धूर दिसतो तो ओल्या सरपणामुळे. ज्याने आयुष्यभर ओलं सरपणच जाळलं, त्याला ही अट दिसतच नाही. गाडी आणि मोकळीक यांच्या संबंधालाही अशाच अटी आहेत: वस्ती विखुरलेली हवी, दुसरं वाहन दुर्मीळ हवं, रस्ता आणि कायदा ओळखीचा हवा, नुकसान झालंच तर ते निस्तरण्याची व्यवस्था आपल्या माहितीची हवी. निमोण्यात या चारही अटी पुऱ्या होतात. परदेशी किनाऱ्यावर त्या बहुधा एकेक करून गळून पडतात.

थायलंडचंच बघा, कारण आपल्याकडची बरीच घरं पहिल्यांदा तिकडेच जातात. फुकेत बेट उत्तर-दक्षिण जेमतेम 48 किलोमीटर आहे. विमानतळ उत्तरेला आणि पाटोंग, करोन, काटा हे किनारे पश्चिमेला एका ओळीत. विमानतळावरून या किनाऱ्यांना धरून थेट दक्षिणेच्या रावईपर्यंत बस जाते. पण माणसं तिथे जातात ती मुख्यतः पाण्यावर फिरायला. फी फी बेटांवर गाडी नेताच येत नाही. क्राबीजवळच्या रेलेला तर रस्ताच नाही, चुनखडीच्या कड्यांनी ती जागा जमिनीपासून तोडली आहे आणि आओ नांगहून लांब शेपटीच्या बोटीनेच जावं लागतं. बेटांच्या सहली विकणारे बहुतेक जण हॉटेलातून नेण्या-आणण्याचं भाडं त्याच पैशांत धरतात. म्हणजे ज्या दिवसांसाठी आपण एवढ्या लांब जातो, नेमक्या त्याच दिवशी भाड्याची गाडी हॉटेलच्या दारात उभी राहते आणि तिचं भाडं चालू राहतं.

यावर हिशेबाचा मुद्दा येतो की टॅक्सीपेक्षा गाडी स्वस्त. फुकेतच्या टॅक्सी महाग आहेत, हे मान्य. पण तुलना होते ती टॅक्सीच्या एका खेपेची आणि गाडीच्या एका दिवसाच्या भाड्याची. त्यात पेट्रोल, पार्किंग आणि अनामत धरलेली नसते. अनामतीपोटी क्रेडिट कार्डावर मोठी रक्कम अडकून पडते. शिवाय विमा असला तरी नुकसानीचा पहिला ठरावीक हिस्सा सहसा भाडेकरूनेच भरायचा असतो, आणि टायर, काच, गाडीचा खालचा भाग बऱ्याचदा विम्यातून वगळलेला असतो. करारातल्या बारीक अक्षरांत हे सगळं लिहिलेलं असतं, पण रात्रीच्या विमानाने पोरंबाळं घेऊन उतरलेला माणूस ते वाचत बसत नाही. अनामत म्हणून कुणी पासपोर्ट मागितला तर तो कधीही देऊ नये.

कायद्याची अट तर याहून कडक आहे. आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना 1949 च्या जिनिव्हा करारानुसार असतो आणि एक वर्ष चालतो. थायलंड त्या करारात आहे, म्हणून तिथे तो चालतो. व्हिएतनाम 1968 च्या व्हिएन्ना कराराचे परवाने मानतो, तिथे आपला परवाना कामाचा नाही. दा नांगच्या किनाऱ्यावर मिळालेली गाडी चालवणं म्हणजे विनापरवाना चालवणं, आणि अशा वेळी प्रवासविमाही पाठीशी उभा राहत नाही. गाडी परवडत नाही म्हणून स्कूटर घेणाऱ्यांचं तर मला फार भय वाटतं. चारचाकीच्या परवान्यावर दुचाकी चालवता येत नाही, हा नियम तिकडेही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या अहवालात रस्ते अपघातांतल्या मृत्यूंचं अंदाजित प्रमाण लाखामागे भारतात 22.6 आणि थायलंडमध्ये 32.7 होतं, आणि तिथले बहुसंख्य बळी दुचाकीवरचे होते. ‘आपल्या रस्त्यांवर चालवणारा कुठेही चालवेल’ ही बढाई या आकड्यांपुढे टिकत नाही.

युरोपात बहुतेक देशांत गाडी उजव्या बाजूने चालवावी लागते, तेव्हा ओळखीच्या रस्त्याची अट पहिल्याच चौकात तुटते. इटलीतल्या चिंक्वे तेर्रेच्या पाच गावांना लहानशी रेल्वे जोडते, एका गावाहून दुसरं काही मिनिटांवर. गावांत पाहुण्यांच्या गाड्यांना जवळजवळ मज्जावच आहे. जर्मनीत नोकरीला असलेल्या मुलीकडे गेलेल्या आईवडिलांनी तिथे गाडी नेली तर डोंगरमाथ्यावर पार्किंग शोधण्यातच त्यांची सकाळ जाईल.

मग गाडी कधीच घेऊ नये का? तसं माझं म्हणणं नाही. जिथे त्या चारही अटी पुऱ्या होतात तिथे ती जरूर घ्यावी. ऑस्ट्रेलियातला ग्रेट ओशन रोड 243 किलोमीटरचा आहे, पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात बांधलेला. तिथे रस्ता हाच पाहण्याचा विषय आहे. वाटेत कुठेही थांबावंसं वाटतं, बस क्वचित मिळते, गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते आणि आपला इंग्रजी परवाना चालतो. मेलबर्नहून निघताना गाडी घ्यावी आणि दोन मुक्काम करून परत करावी.

राहिला सगळ्यात वजनदार आक्षेप: सोबत म्हातारी माणसं आणि लहान मुलं आहेत, त्यांना बसथांब्यावर कसं उभं करायचं? आक्षेप खरा आहे. पण त्यातून वाहनाची गरज सिद्ध होते, ते आपणच चालवण्याची नाही. घरातला चालवणारा माणूस बहुधा एकच असतो. त्याने सुट्टीभर नकाशाकडे आणि आरशाकडे बघायचं, तर त्याच्या वाट्याला समुद्र किती येणार? ज्या दिवशी बेटभर फिरायचं, त्या एका दिवसापुरती चालकासह गाडी करावी, दर आदल्या रात्री हॉटेलात विचारून ठरवावा. बाकीचे दिवस मुक्काम किनाऱ्यापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर असावा, त्यासाठी खोलीचे चार पैसे जास्त गेले तरी चालतील. आजीला दुपारी थकवा आला तर तिला परतायला पाच मिनिटं पुरतात आणि मुलांना पाण्यातून बाहेर काढावं लागत नाही.