मिरची येण्याआधीचं कोरड्यास

नांदेडहून देगलूरच्या वाटेला लागा. पिशवीत दोन पुड्या असू द्या, एक काळ्या मसाल्याची आणि एक शेंगदाण्याच्या कुटाची. मराठवाड्यातला माणूस परमुलखात निघताना एवढं तर बांधून घेतोच. होट्टलला उतरा आणि सिद्धेश्वराच्या देवळाला एक प्रदक्षिणा घाला. पुन्हा दारासमोर याल तेव्हा दगडावरचा काळपटपणा गेलेला असेल, रस्त्यावरचे विजेचे खांब गेलेले असतील, आणि साल असेल ११२९.

आता उदगीरच्या अंगाने खाली उतरा, मांजरा ओलांडा आणि कल्याणी गाठा. आजचं बसवकल्याण ते हेच. चालुक्यांची ही राजधानी, आणि लातूर-नांदेडचा सगळा मुलूख तिच्याच हुकमतीत.

वाटेत भूक लागून पिशवी उघडाल तर कुटाची पुडी रिकामी. भुईमूग अजून अमेरिकेत आहे, तो इकडे यायला काही शतकं लागतील. मसाल्याच्या पुडीत धणे, तीळ, मिरी, दालचिनी सगळं आहे, फक्त मिरच्या गळून गेल्यात. उगाच त्रागा करू नका. इथल्या कुणालाही मिरची म्हणजे काय हे सांगता येणार नाही, आणि तुम्हालाही समजावता येणार नाही.

कल्याणीचा राजा सोमेश्वर तिसरा. बाप सहावा विक्रमादित्य, मोठा लढवय्या. पोराचा जीव लढायांपेक्षा ग्रंथात. त्याने ‘मानसोल्लास’ नावाचा शंभर प्रकरणांचा ग्रंथ रचला. राज्य कसं मिळवावं इथपासून हत्ती कसा पारखावा, अंगाला काय लावावं, जेवायला काय करावं इथपर्यंत सगळं त्यात आहे. राजाने पाककृती लिहून ठेवाव्यात याचं मला फार अप्रूप वाटतं. शिलालेखात दानं सापडतात, विजय सापडतात. कालवण कुठे सापडतं?

मुदपाकखान्याच्या मागच्या अंगणातून आत शिरा. उखळाशी बायका कांडताहेत आणि कांडता कांडता ओवी म्हणताहेत. राजवाड्यात कानडी आणि संस्कृत चालते, पण हे गाणं तुमच्या ओळखीचं आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, ही नोंदही सोमेश्वराने करून ठेवली आहे. आठशे-नऊशे वर्षं मागे येऊन पहिला कळणारा आवाज हा. घटकाभर थांबा तिथे.

मग मासे बघा. सोमेश्वर नुसता खाणारा नाही, गळ टाकून बसणाराही आहे. समुद्रातले मासे वेगळे, नदीतले वेगळे, कुणाला कसलं आमिष दाखवावं, खाऊ घालून त्यांना जागेवर कसं लावावं, याचं एक अख्खं प्रकरण त्याने लिहिलंय. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या पाण्यावर पहाटे जाळं ओढणाऱ्या एखाद्या भोयाला ते वाचून दाखवलं, तर बरंच काही तो मान डोलावत ऐकेल आणि दोन ठिकाणी राजालाच दुरुस्त करेल.

आचारी माशाचे तुकडे करतो, पाणी बदलून बदलून धुतो. मग चिंचेच्या कोळात ते शिजवतो. इथवर ठीक. पुढे तो तुकड्यांवर गव्हाचं पीठ भुरभुरतो आणि तापल्या तेलात लालसर तळतो. वरून सैंधव, वेलदोड्याची पूड आणि मिरी. तुकडा तोंडात टाका. आधी चिंच, मग पिठाचा कुरकुरीतपणा, मग वेलदोड्याचा घमघमाट, आणि अगदी शेवटी, घशापाशी, मिरीचा झणका. माशाला वेलदोडा ही जोडी आज लातूरच्या कुठल्याही खानावळीत सुचवून बघा, मालक तुमच्या तोंडाकडे पाहत राहील. पण ती लागते, आणि छान लागते. शेजारी हिंग पाण्यात विरघळवून ठेवलंय. तेच पाणी मटणावर पडतं, भाजीवर पडतं. पाच डाळी भाजून, दळून, त्यात हळद, सैंधव आणि हिंग घालून शिजवलेला विदलपाकही रटरटतोय. येसर खाऊन वाढलेल्या माणसाला तो परका वाटायचा नाही.

कोंबडी हवी होती? राजाच्या करमणुकीच्या यादीत कोंबडे आहेत, लावेही आहेत, पण ते झुंजीच्या रिंगणात. पातेल्यावरून लक्ष काढा. शेतातल्या काळ्या उंदरांचं भाजणं चाललंय त्या बाजूलाही नाही गेलात तरी चालेल.

आता मिरीचा एक दाणा दाताखाली फोडा आणि त्याच्यामागे निघा. मलबारच्या किनाऱ्यावर पोती गलबतात चढतात, तांबड्या समुद्रातून मिसरला जातात, अलेक्झांड्रियाला व्हेनिसचे व्यापारी ती विकत घेतात. दोन शतकं पुढे सरका. चौदावं शतक, व्हेनिस. रियाल्तोच्या बाजारातून मासे घेऊन एक आचारी घरी आलाय. त्याच्या बोलीतलं, कुणी लिहिलं ते कुणालाच माहीत नसलेलं एक पाकपुस्तक आजही शिल्लक आहे, त्यातलीच ही कृती.

हवा तो मासा घ्या आणि तळा. कांदा थोडा वाफवून बारीक चिरा, तोही चांगला परता. मग व्हिनेगर, पाणी, सोललेले अख्खे बदाम, मनुका, जहाल मसाले आणि थोडा मध एकत्र उकळून माशावर ओता. जहाल म्हणजे मिरी, लवंग असलंच काही. पुढे याच कुळातून ‘सार्दे इन साओर’ आलं, व्हेनिसचा मानाचा पदार्थ: पीठ लावून तळलेले तारलीसारखे मासे, वर आंबट कांदा, बेदाणे आणि चिलगोजे. व्हिनेगरमुळे मासा टिकतो, म्हणून खलाशांना सोयीचा. तळल्या तळल्या खायचा नाही, एक-दोन दिवस मुरू द्यायचा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात हा धीर फ्रिजशिवाय धरू नका.

तळलेला मासा, पुढे किंवा मागे आंबट, वर मिरी. कल्याणीचा आचारी आणि हा व्हेनिसवाला, एकमेकांचा एक शब्द न कळता एका चुलीवर उभे राहतील. चिंच नसेल तर व्हिनेगर घे, एवढ्या खुणेवर भागेल. यांच्यापैकी कुणालाही आज औशाच्या हमरस्त्यावरच्या ढाब्यात आणून काळ्या रश्श्यासमोर बसवा, पहिल्या घासाला पाणी मागेल. आपण ज्याला पिढीजात म्हणतो ते चाखून आपल्याच पूर्वजाच्या डोळ्यांत पाणी यावं! इटलीचंही तेच. पास्ता आणि कोंबडीवर तांबडा रस्सा शोधायला याल तर चौदाव्या शतकातून हात हलवत परत जाल.

रोमला, १५७० साली, फार वेळ थांबायचं नाही, पण एक ताट चुकवू नका. पोप पाचवा पायस याचा आचारी बार्तोलोमेओ स्काप्पी याचं जाडजूड पाकपुस्तक याच वर्षी छापून आलंय. तुम्ही हिंदुस्थानातून आलात असं कळताच तो मोठ्या कौतुकाने ‘हिंदुस्थानी कोंबडा’ पुढे करेल. मांस मोरापेक्षा पांढरं आणि मऊ, लवंगा टोचून सळईवर भाजलेला. तुम्ही असा पक्षी जन्मात पाहिलेला नाही. कसा पाहणार? ती टर्की आहे, अमेरिकेतून आलेली. कोलंबसाच्या घोळाचं बिल आपल्या नावावर फाडलंय. खऱ्या हिंदुस्थानात ती गोव्यामार्गे पोचली आणि १६१२ मध्ये जहांगीराच्या दरबारात हजर झाली, तेव्हा बादशहा एवढा चकित झाला की त्याने दरबारी चित्रकार मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं.

शेवटचा मुक्काम नेपल्स, १६९२. आंतोनियो लातिनी नावाच्या कारभाऱ्याने याच वर्षी छापलेल्या पुस्तकात टोमॅटोचं पहिलं इटालियन सॉस दिलंय. नाव ‘स्पॅनिश पद्धतीचं’, कारण नेपल्सवर तेव्हा स्पेनचं राज्य. कृती बघा. सहाएक पिकलेले टोमॅटो निखाऱ्यावर साल करपेपर्यंत भाजा, साल काढा, सुरीने बारीक चिरा. त्यात बारीक चिरलेला कांदा, बारीक चिरलेली मिरची, ओव्याच्या वासाचा थोडा पाला. मीठ, तेल, व्हिनेगर.

तुम्ही हसाल. हे तर आपलं टोमॅटोचं भरीत. इतकी शतकं आणि इतकी गावं फिरून ओळखीचं तिखट भेटलं ते नेपल्सच्या निखाऱ्यांवर, आणि तेही इथे परदेशीच आहे.

उकडलेल्या मांसावर किंवा दुसऱ्या कशावरही घाला, असं लातिनी म्हणतो. बाजूच्या भांड्यात कोंबडी उकडलेली आहे, मांडीचा तुकडा उचला. मिरच्या किती घ्यायच्या ते त्याने लिहिलेलं नाही. तेवढं तुम्ही बघा, लातूरच्या हिशेबाने.