चौथाईची वाटणी: एका गावावर दोन सरकारे

मार्च १७१९. बाळाजी विश्वनाथांच्या दिल्लीच्या मोहिमेतून शाहू महाराजांच्या नावे स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी यांच्या सनदा निघाल्या. दख्खनच्या सहा मोगली सुभ्यांच्या महसुलात शेकडा २५ चौथाई आणि वर शेकडा १० सरदेशमुखी मराठ्यांची ठरली. बदल्यात बादशहाच्या चाकरीस १५,००० फौज द्यायची होती. मुलूख मात्र मोगलांकडेच राहिला.

पाठ्यपुस्तकातली हकीकत बहुधा इथेच थांबते. खरा प्रश्न पुढचा आहे: हा पैसा कोणी, कसा वाटून घेतला?

सरदेशमुखी छत्रपतींचे वतन ठरली. चौथाईच्या दर शंभर रुपयांतले २५ ‘राजबाबती’ म्हणून छत्रपतींकडे, ६ ‘साहोत्रा’ म्हणून पंतसचिवांकडे, ३ ‘नाडगौडा’ म्हणून महाराज मर्जीने देतील त्याला. उरलेले ६६ ‘मोकासा’, म्हणजे फौज बाळगणाऱ्या सरदारांचे. शिवाय एकाच परगण्यातले हे हक्क वेगवेगळ्या माणसांना दिले गेले. दुसऱ्याचा हिशेब मोडल्याशिवाय कोणालाच वेगळे होता येऊ नये, अशी ही गुंतवणूक होती. त्यातून कारकुनांचे महत्त्व वाढले, हे सांगायला नकोच.

पण मोठा हिस्सा सरदाराकडे गेल्यामुळे त्याचा स्वार्थही ठरून गेला. मिळकत वाढवायची तर नव्या मुलखावर चौथाई बसवायची. त्यासाठी फौज हवी, आणि फौज पोसायला आणखी मुलूख. स्वाऱ्यांमागे पराक्रम होताच, पण हे गणितही होते. मोगली अंमलदाराची स्थिती उलटी. गाव आबाद केले तर वाढीतला तिसऱ्याहून अधिक हिस्सा प्रतिपक्षाला जाणार. मग त्याने विहिरींसाठी तगाई का द्यावी? गाव भरभराटीला आले तर वाटेकरी दोन, उजाड झाले तर जबाबदार कोणीच नाही. रयतेच्या दृष्टीने या व्यवस्थेतला सर्वांत मोठा दोष हाच.

निजामाने तो नेमका ओळखला. हैदराबादच्या परिसरातून मराठ्यांचे कमाविसदार हटावेत आणि हक्काऐवजी रोख रक्कम घ्यावी, असा त्याचा प्रस्ताव होता. प्रतिनिधी श्रीपतराव अनुकूल होते, बाजीराव विरोधात. रोख रक्कम ठरावीक राहते. गावात बसलेला कमाविसदार म्हणजे सत्तेचा पाय. पुढे कोल्हापूरच्या संभाजीराजांचाही हक्क आहे, तेव्हा चौथाई नक्की कोणाला द्यायची, अशी सबब पुढे करून निजामाने ती अडवली. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला तो कोंडीत सापडला आणि मुंगी-शेवगावच्या तहात त्याला हे हक्क मान्य करावे लागले.

बंगालमध्ये नेमके उलटे घडले. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा तिथे वारंवार उतरत होत्या. १७५१ मध्ये अलीवर्दीखानाने चौथाईपोटी वर्षाला १२ लाख रुपये कबूल केले आणि ओरिसाचा महसूल सोडला. हिश्शाऐवजी आकडा ठरला, आणि स्वाऱ्या थांबल्या.