पारधी, भिल्ल वस्तीतल्या मुलांना फार्मासिस्ट व्हायचंय? कागदांची तयारी अकरावीतच करा

आष्टी : दवाखान्यात चिठ्ठी मिळाली म्हणजे निम्मंच काम झालं. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, किती दिवस घ्यायची, मध्येच बरं वाटलं तर बंद करायची का, हे समजावून सांगणं फार्मासिस्टचं काम. पारधी आणि भिल्ल समाजात घरची बोली वेगळी, त्यात जुन्या माणसांना वाचता येत नाही. त्यांच्याच बोलीत सांगणारा फार्मासिस्ट वस्तीतून तयार झाला तर औषधांचा गोंधळ कमी होईल आणि घरात कायमची कमाईही येईल.

कायदा काय सांगतो?
फार्मसी कायदा १९४८ च्या कलम ४२ नुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत रुग्णाला औषध समजावून सांगणं हेही त्याचं काम ठरवलं आहे. त्यामुळे मेडिकलवर विचारायला लाजू नका, बिलही मागून घ्या. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत.

ऊसतोडीला जाताना
हंगामात गाव सुटलं की गोळ्याही सुटतात. टीबीचा नेहमीचा कोर्स ६ महिन्यांचा असतो. मध्येच सोडला तर आजार औषधाला दाद देत नाही. निघण्याआधी आरोग्य केंद्रात सांगून निक्षय क्रमांक लिहून घ्या, म्हणजे कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात उपचार पुढे चालू ठेवता येतात. बीपी-शुगरवाल्यांनी चिठ्ठी सोबत ठेवावी.

शिक्षण कोणतं?
बारावी सायन्सला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी किंवा मॅथ्स हवं. डी. फार्मसी २ वर्षांची, त्यानंतर ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो. बी. फार्मसी ४ वर्षांची, तिला सीईटी लागते. डी. फार्मसी झाल्यावर बी. फार्मसीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

खरी अडचण कागदांची
बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींची लोकसंख्या जेमतेम सव्वा टक्का. जिल्हा अनुसूचित क्षेत्रातही येत नाही. त्यामुळे योजनांची माहिती वस्तीपर्यंत उशिरा पोहोचते.

नोंद काय आहे ते आधी तपासा. फासेपारधी आणि भिल्ल अनुसूचित जमातीत (७ टक्के आरक्षण) येतात; पाल पारधी आणि राज पारधी विमुक्त जाती 'अ' मध्ये (३ टक्के). दाखल्यावर नुसता शब्द बदलला तरी सवलत बदलते.

जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, पण राखीव जागेवरच्या प्रवेशाला वैधता प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी लागते. त्यासाठी अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० आणि विमुक्त जातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. पालावर राहिलेल्या, शाळा न पाहिलेल्या आजोबांचा कागद कुठून आणायचा, इथंच गाडी अडते. म्हणून चुलते, आत्या, चुलत भाऊ अशा वडिलांकडच्या नात्यात कुणाला व्हॅलिडिटी मिळाली आहे का ते आधी बघा. तो मोठा आधार ठरतो. बारावीच्या निकालानंतर धावपळ केली तर जागा हातची जाऊ शकते. अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करा.

अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २.५ लाखांच्या आत असेल तर महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येतो.

पुढे काम काय?
कोर्सनंतर महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी करायची. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकाऱ्याची सरकारी भरती, खासगी दवाखाना, औषध कंपनी किंवा स्वतःचं मेडिकल, असे रस्ते आहेत. दुकानाला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. जनऔषधी केंद्र काढायचं तर किमान १२० चौरस फूट जागा हवी. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदारांसाठी फर्निचर, कॉम्प्युटर वगैरेसाठी २ लाखांपर्यंत एकरकमी मदतीची तरतूद आहे. अर्ज करण्याआधी त्या वर्षीचे नियम बघून घ्यावेत.